शिकवायची नोकरी मिळाली म्हणून हिरमुसू नकोस

प्रश्न : बीएस्सी (गणित) झाले आहे. शैक्षणिक कर्ज फेडायचे आहे. एका कंपनीत नव्याने रुजू झालेल्यांना पायथन शिकवण्याची नोकरी मिळतेय. मैत्रिणी मात्र थेट कोडिंगला लागल्या. मी कायमची शिक्षिकाच होऊन बसेन का?

उत्तर : नोकरी घे. आणि संगणकशास्त्रज्ञ फ्रान्सेस ॲलन यांच्याबद्दल जरूर वाच. अमेरिकेतल्या न्यू यॉर्क राज्यातल्या पेरू गावच्या शेतकरी घरात त्या वाढल्या. गणित शिकल्या, गावच्याच शाळेत शिकवू लागल्या. मिशिगन विद्यापीठात एमए करताना कर्ज झालं आणि ते फेडण्यापुरतं म्हणून १९५७ मध्ये त्या आयबीएममध्ये लागल्या. पहिलं काम कोणतं? शिकवण्याचंच! त्याच वर्षी आलेली फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा कंपनीतल्या शास्त्रज्ञांच्या गळी उतरवायची. हाताने लिहिलेल्या कोडचा वेग यंत्राने बनवलेल्या कोडला कसा येईल, अशी त्या शास्त्रज्ञांना शंका. ॲलनबाईंनाही भाषा नवीनच. मग त्यांनी कंपायलरचा, म्हणजे आपण लिहिलेल्या प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामचा, सोर्स कोडच (मूळ कोड) वाचायला घेतला आणि कंपायलर हाच त्यांचा जन्माचा विषय झाला.

त्यांचं काम कशाबद्दल होतं? समज, हजार वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये तू दरवेळी अ आणि ब यांचा गुणाकार करतेस, पण दोन्ही संख्या लूपभर बदलतच नाहीत. चांगला कंपायलर तो गुणाकार लूपबाहेर काढून एकदाच करतो. पण संख्या खरंच बदलत नाहीत, ही खात्री त्याने कशी करायची? त्यासाठी प्रोग्रामच्या सगळ्या वाटांचा आलेख मांडायची पद्धत ॲलन यांनी १९७० च्या शोधनिबंधात दिली. गणितवालीचंच काम हे! कर्ज फिटल्यावरही त्या कंपनीतच राहिल्या, तब्बल ४५ वर्षं. २००६ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला; संगणकशास्त्रातला हा सर्वोच्च सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

मात्र तेव्हा संगणकशास्त्राचे पदवीधर जवळपास नव्हतेच, त्यामुळे गणितवाल्यांना दार उघडं होतं. आज बऱ्याचदा पदवी पाहूनच अर्ज बाजूला पडतात. म्हणून एमसीए करायचा विचार असेल तर तो पुढे ढकल, सोडू नकोस. तोवर जे शिकवशील त्याच्या पोटात शिर. वरचाच लूप पायथनमध्ये लिही आणि पायथनसोबत येणारं, प्रोग्रामच्या आतल्या सूचना उलगडून दाखवणारं ‘डिस’ मॉड्यूल त्यावर चालवून बघ. गुणाकार लूपच्या आतच राहिलेला दिसेल. का, ते शोध.

नेमणूकपत्रातली बॉण्डची अट नीट वाच आणि डेव्हलपमेंट टीममध्ये बदली कधी मागता येते, हे रुजू होण्याआधीच एचआरला ईमेलवर विचारून घे.