गाडीच्या आतलं बेज प्लास्टिक घरच्या घरी काळं करता येईल का? डाय आणू की स्प्रे पेंट?

तुमची डिझायर 2012 ची, आतलं बेज प्लास्टिक मळून पिवळट झालंय, ते सगळं काळं करायचं मनात आहे आणि त्यासाठी ‘डाय’ आणू की साधा स्प्रे, असा तुमचा प्रश्न. मी हा उद्योग एकाच गाडीवर दोनदा केलाय. पहिल्यांदा दिवाळीच्या सुट्टीत समोरचे दोन डोअर पॅड, म्हणजे दारांची आतली प्लास्टिकची आवरणं, काळे केले, फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले, वाहवा मिळवली. होळी येईपर्यंत ड्रायव्हरच्या दाराला कोपर टेकतं तिथे पोपडे सुटले आणि खालचं बेज डोकवायला लागलं. नखाने जरा ओढलं तर अख्खा पापुद्राच हातात आला. दुसऱ्यांदा केलं त्याला आता तीन वर्षं होतील, ते टिकलंय. रंग दोन्ही वेळी जवळपास तोच होता. फरक पडला तो रंगाच्या आधीच्या कामाने.

आधी डायचं सांगतो. कापड रंगात बुडवलं की रंग धाग्यात शिरतो, तसं दाराच्या प्लास्टिकचं होत नाही. ‘व्हिनाइल डाय’ म्हणून जो डबा मिळतो तोही पातळ आणि लवचिक पेंटच असतो. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी. त्याचा वरचा थर डब्यातल्या सॉल्व्हंटने किंचित मऊ होतो आणि रंग त्यात रुतून बसतो, म्हणून रेक्झिनवर तो छान टिकतो. पण डोअर पॅड, पिलरची (काचांमधल्या खांबांची) कव्हरं, खालच्या पट्ट्या हे सगळं बहुतेक पॉलिप्रॉपिलीन असतं. अळूच्या पानावर पाणी ठरेल तर त्याच्यावर साधा रंग ठरेल! वाळल्यावर दिसतो झकास, पण धरलेलं काहीच नसतं.

आपल्याकडे नेमकं कोणतं प्लास्टिक आहे हे ओळखायला भाग काढून उलटा करा. मागे कोनी कंसांत बारीक अक्षरं उठवलेली असतात. ‘पीपी’ किंवा ‘पीपी + ईपीडीएम’ (म्हणजे रबर मिसळलेलं) असेल तर पॉलिप्रॉपिलीन. ‘एबीएस’ (दुसऱ्या जातीचं टणक प्लास्टिक) असेल तर तुम्ही सुटलात, त्यावर रंग सहज धरतो. फक्त त्याला एनसी थिनर किंवा ॲसिटोनने पुसू नका, बारीक तडे जातात. यूट्यूबवर एक युक्ती सांगतात की तुकडा पाण्यात टाका, तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. गाडीच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका. गाडीच्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये बऱ्याचदा टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड घातलेली असते. अक्षरांपुढे ‘टी 20’ असलं तर वीस टक्के टाल्क. इतक्या पुडीने प्लास्टिक जड होऊन बुडतं आणि तुम्ही त्याला एबीएस समजून बसता. मीही पहिल्या वेळी बादलीत तुकडा टाकून असाच फसलो होतो.

पीपी निघालं तर रंगाच्या दुकानात नुसतं ‘प्रायमर’ मागू नका. पत्र्याचा राखाडी प्रायमर हातात ठेवतील. पॉलिप्रॉपिलीनवर चालणारा, बहुधा पारदर्शक असलेला प्लास्टिक प्रायमर हवा. डब्यावर ‘ॲढेजन प्रमोटर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पुण्यात असाल तर नाना पेठेत चौकशी करा, मुंबईत असाल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला.

आता माझ्या पहिल्या फजितीचं दुसरं कारण, आणि माझ्या मते हेच मोठं. आपण गाडी वॉशिंगला देतो. पोऱ्या शेवटी डॅशबोर्डवर, दारांवर चकचकीत पॉलिश मारून देतो आणि आपणही खूश होऊन दहा रुपये जास्त देतो. त्या पॉलिशमध्ये बऱ्याचदा सिलिकॉन असतं. माझ्या गाडीला ते आठ वर्षं लागत होतं. सिलिकॉन दाण्यादाण्यात जाऊन बसतं, साध्या पाण्याने निघत नाही, आणि त्यावर फवारा पडला की रंग बाजूला सरकून माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. वरून दुसरा हात मारला तरी खड्डे तिथेच राहतात.

म्हणून दुसऱ्या वेळी एक अख्खा रविवार मी फक्त धुण्यात घातला. कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण आणि जुना टूथब्रश. असं दोनदा. मग करड्या रंगाच्या नायलॉन घासणीने गोल गोल घासलं, म्हणजे चकाकी जाऊन पृष्ठभाग मंद होतो. वॉटर पेपर वापरू नका. प्लास्टिकवर चामड्यासारखी जी नक्षी असते ती सपाट झाली की परत येत नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, आणि दर दोन पुसण्यांनंतर फडकं बदलायचं. एकच फडकं फिरवत राहिलात तर सिलिकॉन निघत नाही, फक्त जागा बदलतं. त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श नाही. डोक्याला खोबरेल लावून मी एकदा त्याच हाताने पॅड उचलला होता. बोटांचे चारही ठसे रंगातून वर आले.

एक गंमत सांगतो. हे सगळं धुऊन झाल्यावर मागच्या दोन दारांचे पॅड इतके स्वच्छ निघाले की ते मी रंगवलेच नाहीत. तुमचा मळकटपणाही कदाचित नुसता मळच असेल. उन्हाने आलेला पिवळेपणा मात्र धुऊन जात नाही. आणि दाराच्या हँडलवर किंवा बटणांभोवती हाताला चिकट लागत असेल तर ती वरच्या मऊ रबरी थराची कथा आहे. तो पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत हळूहळू विरघळल्यासारखा होतो, कोकणात नि मुंबईत जास्तच. त्यावर रंग मारणं म्हणजे चिखलावर फरशी बसवणं. अल्कोहोलने खरवडून तो पूर्ण काढायचा, खाली टणक प्लास्टिक निघतं.

काळं करण्याबद्दल माझं स्पष्ट मत: करू नका. बेजवर काळा रंग म्हणजे प्रत्येक ओरखडा पांढरी रेघ होऊन दिसणार. चपलेची टाच, अंगठी, छत्रीचं टोक, कशानेही. बेजवर बेज मारलात तर रंग निघाला तरी कळत नाही. दाराच्या खिशाचा छोटा तुकडा घेऊन गाड्यांचे रंग मिसळून देणाऱ्या दुकानात जा. रंग बघायला खिशाच्या आतली बाजू दाखवा, तिथे ऊन लागलेलं नसतं. आणि मॅटच सांगा. काळ्याची हौसच असेल तर गियरभोवतीचं कन्सोल तेवढं करा, तिथे आधीच बरंच काळं असतं.

आता काय रंगवायचं नाही ते. डॅशबोर्डची वरची बाजू सोडून द्या. उन्हात उभ्या गाडीत ती 70 अंशांच्या पुढे तापते, शिवाय जरा जरी चमक आली तर तिचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि संध्याकाळी समोरचं दिसत नाही. एअरबॅगची झाकणं तर अजिबात नाहीत: स्टीअरिंगचा मधला भाग, डावीकडचं झाकण, आणि नव्या गाडीत पिलरचं कव्हरही. ती झाकणं ठरलेल्या रेषेवर फाटावीत अशी बनवलेली असतात. रंगाचा थर त्या रेषेवर बसला तर ती कशी फाटतील, तुकडे कुठे उडतील, याचा भरवसा नाही. तुमच्या मॉडेलमध्ये एअरबॅग नसेलही, कारण आपल्याकडे नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै 2019 पासून. पण बघून खात्री करा. स्टीअरिंगच्या कड्यालाही हात लावू नका. घाम, सनस्क्रीन आणि डास पळवणारी काही मलमं रंगाला मऊ करतात, मग स्टीअरिंग हाताला चिकटतं.

पॅड काढणं अवघड नाही, भीती जास्त वाटते. आतल्या हँडलच्या मागे, हात धरायच्या खाचेत आणि खालच्या खिशाजवळ स्क्रू असतात, झाकणाखाली लपवलेले. ते निघाले की कडेने क्लिपा ओढून काढायच्या. स्क्रूड्रायव्हर नको, जुनं एटीएम कार्ड किंवा प्लास्टिकची पट्टी वापरा. दुपारी गाडी जरा तापल्यावर करा, गार प्लास्टिक कडकन तुटतं. तरी दोन-चार क्लिपा मोडणारच, आधीच डझनभर आणून ठेवा. पॅडच्या मागे दाराला चिकटवलेला प्लास्टिकचा कागद असतो, तो टरकावू नका आणि परत नीट चिकटवा. नाहीतर पहिल्या पावसात पायाखाली पाणी.

फवारणी पावसाळ्यात करू नका, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. मी मार्चमध्ये सोसायटीच्या गच्चीवर केली आणि तिथे नवीच भानगड झाली. हवेत उडालेला रंग पडेपर्यंत वाळून धूळ होतो आणि वाऱ्याबरोबर कुठेही जातो. पलीकडे दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या! त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण त्या वर्षी आमच्याकडे कुरडया आल्या नाहीत. तेव्हा वारा, कपडे, शेजाऱ्याची पांढरी स्कूटर, सगळं बघून मग डबा उचला. तोंडाला सॉल्व्हंटसाठीचा, कोळशाच्या फिल्टरचा मास्क लावा. कापडी मास्कचा इथे उपयोग नाही. आणि हार्डनर घालायचा टू-के पीयू (दोन भाग मिसळून वापरायचा पॉलियुरेथेन) रंग घरी नकोच. त्यातल्या आयसोसायनेटने कायमचा दमा मागे लागू शकतो.

डबा दोन-तीन मिनिटं नीट हलवा, वीतभरापेक्षा थोडं लांब धरा, फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. आधी त्या प्लास्टिक प्रायमरचा पातळ हात, आणि डब्यावर जितकी मिनिटं लिहिली असतील तेवढ्यात त्यावर रंग. पहिला हात अर्धवटच दिसला पाहिजे, खालचं बेज डाग-डाग दिसेल, घाबरू नका. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने असे तीन-चार हात. एका हातात झाकायला गेलात की ओघळ येतात आणि नक्षी बुजते. 400 मिलीच्या डब्यात साधारण सव्वा ते दीड चौरस मीटर नीट झाकलं जातं.

हे सगळं करण्याआधी एका न दिसणाऱ्या कोपऱ्यावर पूर्ण प्रयोग करा. 24 तासांनी ब्लेडने बारीक चौकटी कापा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीला रंग आला तर धुणं कमी पडलंय किंवा प्रायमर चुकलाय. ही दोन मिनिटांची परीक्षा मी पहिल्या वेळी केली असती तर होळीला तोंड लपवावं लागलं नसतं. भाग बसवायची घाई करू नका, तीन-चार दिवस बाहेर वाळू द्या, नाहीतर बंद गाडीत वासाने डोकं धरतं.

खर्चाचं म्हणाल तर समोरचे दोन पॅड आणि कन्सोल यांना मला अडीच हजारांच्या आत पडलं, क्लिपा नि मास्क धरून. आरटीओची चिंता नको. आरसी बुकात बाहेरचा रंग नोंदलेला असतो, आतला नाही.

सीटच्या कापडाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा विचार तोच येतो म्हणून सांगतो. ते पॉलिएस्टर असतं. त्याला कारखान्यात 130 अंशांच्या आसपास, दाबाखाली रंगवतात. घरातला कापडाचा रंग त्यावर बसत नाही, तुमच्या शर्टावर मात्र नक्की बसतो. कव्हर शिवून घ्या. आणि कशालाही रंग मारताना सीटबेल्टचा पट्टा आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. त्यावर रंगही नको, थिनरही नको.