मनात राग असताना प्रभुभोजन घ्यावं का?

“मनात एवढा राग घेऊन मी स्वतःला ख्रिस्ती कसं म्हणवून घेऊ?” माझ्याकडे मन मोकळं करायला येणारे विश्वासी लोक हा प्रश्न वारंवार विचारतात. राग बहुतेकदा घरातल्याच माणसावर असतो, नाहीतर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शेजारी बसणाऱ्यावर.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने आठ महिने प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ उपासनेत वाटली जाणारी भाकर आणि द्राक्षरस, घेतलं नव्हतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट आलं की त्या ते तसंच पुढे देत. दोन बाकं सोडून मोठ्या जाऊबाई बसलेल्या असत. सासूबाईंच्या दफनविधीनंतर जाऊबाई पाहुण्यांदेखत म्हणाल्या होत्या, “शिकलेल्या सुना फक्त रविवारी दिसतात.” तेव्हापासून बोलणं बंद, साधा सलामही बंद.

“पाळकसाहेब म्हणतात, क्षमा करा. रोज गुडघे टेकून म्हणते, केली क्षमा. उठले की पुन्हा तेच वाक्य कानात.”

मी म्हटलं, राग आला म्हणून विश्वास गेला असं होत नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं तक्रारीनेच सुरू होतात. मार्क नावाच्या सहकाऱ्याला सोबत न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा हे प्रेषित एवढे भांडले की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या (प्रेषितांची कृत्ये 15). पुढे तोच मार्क आपल्या उपयोगाचा आहे, त्याला घेऊन ये, असं पौल आपला शिष्य तीमथ्याला लिहितो. मधे बरीच वर्षं गेली होती.

प्रभुभोजन सोडण्याचं कारण म्हणून बाईंनी येशूचं वचन, मत्तय 5:23-24, सांगितलं: आधी समेट, मग अर्पण. मी त्यांना ते वचन मोठ्याने वाचायला लावलं. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, इथपर्यंत आल्या आणि थांबल्या. “त्याच्या मनात?” पुन्हा वाचलं. आठ महिने त्या स्वतःच्या मनातला राग मोजत होत्या. येशू मात्र तिथे समोरच्याच्या मनाची आठवण करून देतो. इतकी वर्षं पाठ असलेलं वचन आपण किती सहज आपल्या बाजूने वाचतो!

मग मी त्यांना समोरच्या खुर्चीत बसवलं आणि जाऊबाई होऊन बोलायला सांगितलं. आधी त्यांना ते अवघडलं. मग आवाजच बदलला. “सहा वर्षं मी आईंचं हागणं-मुतणं काढलं. ही रविवारी यायची, पाठ बघायची आणि विचारायची, ही जखम कशी झाली?” पुढे त्यांना बोलवेना.

इथे एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. घरात मारहाण असेल, छळ असेल, तर मी कुणालाही असं समेटासाठी पाठवत नाही. तिथे आधी सुरक्षितता. क्षमा केली म्हणजे पुन्हा मार खायला जायचं, असं शुभवर्तमान सांगत नाही. या बाईंची गोष्ट वेगळी होती. दुखावलेल्या दोघी होत्या.

दोन महिन्यांनी त्या जाऊबाईंकडे गेल्या. स्वतःच्या दुःखाबद्दल चकार शब्द न काढता एवढंच म्हणाल्या, “तुम्ही एकटीने केलंत, आणि मी चुका काढत राहिले. माझं चुकलं.” जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “आता बोलून काय उपयोग?” मिठी नाही, अश्रू नाहीत. बाई परतल्या त्या थेट माझ्याकडे, हिरमुसलेल्या.

मी विचारलं, “आता प्रार्थनेत काय म्हणता?”

“आधी म्हणायचे, प्रभू, तिला सद्बुद्धी दे. परवा म्हटलं, तिची कंबर दुखते, तिला झोप लागू दे.” आणि मग हळूच, “ताई, ते वाक्य अजून टोचतं हो.”

टोचू दे, मी म्हटलं. पुढच्या पहिल्या रविवारी त्यांनी ताट नुसतं पुढे दिलं नाही, भाकर घेतली.

या महिन्यात सासूबाईंना वर्ष होतंय. कबरीवर फुलं घेऊन बरोबर जाऊ या का, असं त्या जाऊबाईंना विचारणार आहेत.