मिथिलच्या जोड्यांना घाईने नावं देऊ नकोस

प्रिय,

एनएमआरवरून प्रोटीनची रचना काढण्यासाठी तू केलेली रिस्ट्रेंट फाइल (अणूंमधल्या अंतरांच्या मर्यादांची यादी) पाहिली. व्हॅलिन आणि ल्यूसिन या अमिनो आम्लांत एकाच कार्बनवर दोन मिथिल गट (CH₃) असतात; त्या झाडून सगळ्या जोड्यांना तू १ आणि २ असे क्रमांक देऊन मोकळा झालेला दिसतोस, तेही नुसत्या केमिकल शिफ्टच्या (स्पेक्ट्रममधल्या जागेच्या) क्रमावरून. शेजारी एखादं फिनिलअॅलनिनचं वलय असलं की हा क्रम सहज उलटतो.

नाव चुकलं तर त्रास नेमका कुठे होतो, ते बघ. एकाच कार्बनवरच्या दोन मिथिलमध्ये जेमतेम अडीच अँगस्ट्रॉम अंतर असतं. म्हणून प्रोग्रॅम तक्रार करत नाही, बाजूची साखळीच चुकीच्या रोटॅमरमध्ये (वळणाच्या स्थितीत) वळवून घेतो. मग गाभ्यातला शेजारी ढकलला जातो आणि व्हायोलेशन (मर्यादेचा भंग) दिसतं तिसऱ्याच रेसिड्यूवर (अमिनो आम्लावर). तू तिथली एनओई (दोन प्रोटॉन जवळ असल्याचा संकेत) काढून टाकतोस, म्हणजे खरी माहितीच फेकतोस!

त्यापेक्षा जोडी संदिग्धच ठेव. १९८३ मध्ये एनएमआर शास्त्रज्ञ कुर्ट व्यूथ्रिच यांच्या गटाने यासाठी स्यूडोअॅटम, म्हणजे जोडीच्या मध्यावर धरलेले काल्पनिक अणू, सुचवले. त्यात अशा मिथिल जोडीसाठी मर्यादा २.४ अँगस्ट्रॉमने सैल करावी लागते; ४ चे ६.४ झाले की रिस्ट्रेंटमध्ये फारसं काही उरत नाही. आता आर-वजा-सहाची बेरीज वापर, म्हणजे प्रत्येक प्रोटॉनच्या अंतराचा वजा सहावा घात घेऊन केलेली बेरीज. जवळचा प्रोटॉन आपोआप वरचढ ठरतो. सोबत फ्लोटिंग कायरॅलिटी (नावं मोकळी ठेवण्याची सोय) चालू ठेव, म्हणजे प्रोग्रॅम दोन्ही नावं अदलाबदल करून पाहील. वीसपैकी अकरा मॉडेल एका बाजूला आणि नऊ दुसऱ्या बाजूला गेली, तर तुझ्या डेटाला उत्तर माहीत नाही एवढंच समज. वीसच्या वीस एकमुखी असली तरी लगेच कुलूप लावू नकोस. त्या एनओईंवरूनच रचना आली आणि त्या रचनेवरूनच नाव. जोडी मुद्दाम उलटी करून गणित पुन्हा चालव आणि किती बिघडतं ते पाहा.

खरा पुरावा हवा असेल तर प्रोटीन दहा टक्के कार्बन-१३ ग्लुकोजवर वाढव. १९८९ पासूनची ही युक्ती आहे आणि पूर्ण लेबलिंगपेक्षा कितीतरी स्वस्त. जोडीतला प्रो-आर मिथिल (क्रमांक १) शेजारच्या कार्बनसकट ग्लुकोजपासून बनलेल्या एकाच पायरुवेट रेणूमधून येतो, म्हणून एचएसक्यूसीत (कार्बन-प्रोटॉन जोड्या दाखवणाऱ्या स्पेक्ट्रममध्ये) कार्बनच्या अक्षावर दुभंगलेला दिसतो. प्रो-एस (क्रमांक २) एकटा असतो, म्हणून दुभंगत नाही. स्पेक्ट्रम पाहताच निकाल लागतो.

बीटा कार्बनवरच्या दोन प्रोटॉनच्या जोडीलाही हाच प्रश्न असतो; त्यांच्यासाठी अल्फा-बीटा कपलिंग (अल्फा आणि बीटा प्रोटॉनमधला परस्परप्रभाव) मोज. एक १२ हर्ट्‌झच्या आसपास आणि दुसरं ३ च्या, तर पुढे जायला जागा आहे; मग एचएनएचबी (नायट्रोजन-बीटा प्रोटॉन कपलिंगचा प्रयोग) आणि कमी मिक्सिंग वेळेची नोएसी (एनओई दाखवणारा प्रयोग) जोडीला घे. दोन्ही ७ च्या जवळ आली तर बहुधा साखळी फिरते आहे. तिथे नाव शोधत बसू नकोस.

जुन्या प्रोग्रॅमांत बीटा प्रोटॉन १-२ असतात, आययूपॅकच्या (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या) नामपद्धतीत २-३. फाइल बदलताना इथे गुपचूप अदलाबदल होते, एकदा हाताने तपास. बीएमआरबीत (एनएमआर डेटाच्या सार्वजनिक संग्रहात) जमा करताना सिद्ध न झालेल्या जोड्यांना संदिग्धतेचा कोड २ (जोडीत नाव अनिश्चित) दे, १ (नाव निश्चित) नको.

पुढच्या आठवड्यात येताना सरळ आणि उलट्या जोडीच्या दोन्ही गणितांचे टार्गेट फंक्शनचे (मर्यादा एकूण किती मोडल्या त्याचे) आकडे घेऊन ये. गाभ्यातल्या ल्यूसिनपासून सुरुवात करू.