आभासी कंपनी: सॉफ्टवेअर नंतर, आधी गिऱ्हाईक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोळा-सतरा वर्षांची चाळीस मुलं, आठवड्याला दोन तासिका, एक सत्र. वर्गात आभासी कंपनी चालवून उद्योजकता शिकवायची आहे. त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, आणि हे सगळं नुसतं नाटक तर होणार नाही ना? तुमची दुसरी शंका पहिल्यापेक्षा मोलाची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

नाटक होतं ते बहुतेक वेळा एकाच कारणानं. कंपनी असते, पण गिऱ्हाईक नसतं. मुलं नाव ठरवतात, बोधचिन्ह काढतात, पदं वाटून घेतात, सत्राच्या शेवटी सादरीकरण करतात आणि शिक्षक गुण देतात. मग बाजार कोण झाला? शिक्षक. आणि शिक्षकाला काय आवडतं हे ओळखणं मुलांना पहिलीपासून येतं, त्यासाठी कंपनी काढायची गरज नाही. ज्याच्या खिशात मोजकेच पैसे आहेत, जो सरळ "नको" म्हणू शकतो आणि ज्याला तुमच्या मुलांच्या गुणांशी काही देणंघेणं नाही, असा माणूस समोर उभा राहिला की धंदा सुरू होतो. तो उभा करणं हे तुमचं पहिलं काम.

वर्गात धंदा शिकवायच्या तीन निरनिराळ्या पद्धती आहेत आणि आपण त्या सर्रास एकत्र कालवतो. एक म्हणजे बिझनेस गेम. यात बाजार गणिती सूत्रात बसवलेला असतो. मुलं किंमत, उत्पादन, जाहिरातीचा खर्च भरतात आणि निकाल बाहेर येतो. अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशननं १९५०च्या दशकात असा खेळ व्यवस्थापकांसाठी आणला, तेव्हापासून ही परंपरा आहे. दुसरी पद्धत खऱ्याखुऱ्या छोट्या कंपनीची: खरी वस्तू, खरे पैसे, सत्र संपलं की कंपनी बंद. ज्युनिअर अचीव्हमेंट ही संस्था १९१९ मध्ये अमेरिकेत याच कल्पनेवर सुरू झाली. तिसरी पद्धत सराव कंपनीची, आणि तुम्हाला जे हवंय ते हेच आहे असं मला वाटतं. जर्मनी आणि ऑस्ट्रियात तिचा मोठा प्रसार आहे. ऑस्ट्रियाच्या व्यापारी शाळांत ती अभ्यासक्रमाचाच भाग आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९६ साली 'व्हर्च्युअल एंटरप्रायझेस' या नावानं तीच कल्पना सुरू झाली. माल आणि पैसा काल्पनिक, बाकी सगळं खरं: कोटेशन, ऑर्डर, इन्व्हॉइस म्हणजे मालाचं बिल, पगारपत्रक, करभरणा. आणि मुख्य म्हणजे या कंपन्या दुसऱ्या शाळांतल्या सराव कंपन्यांशी, परदेशातल्यांशीसुद्धा, व्यवहार करतात. बँक, करखातं वगैरेंची भूमिका एक मध्यवर्ती कार्यालय निभावतं.

एवढं जाळं तुमच्याकडे नाही, आणि पहिल्या सत्रात ते लागतही नाही. चाळीस मुलांची एक कंपनी काढू नका. आठ-आठ जणांच्या चार कंपन्या करा आणि उरलेल्या आठ जणांकडे बँक, कर कार्यालय, घरमालक आणि घाऊक पुरवठादार ही कामं द्या. कंपन्या अशा निवडा की त्यांना एकमेकींची गरज पडेल: कार्यालयीन साहित्य, छपाई, प्रवासव्यवस्था, विमा. चौघींनी मोबाईल ॲप काढलं तर कोणी कोणाकडून काही घेणार नाही. दुसऱ्या तुकडीचे शिक्षक तयार असतील तर आणखी चांगलं, कारण मित्राला उधारी मागणं आणि पलीकडच्या वर्गातल्या अनोळखी मुलीला मागणं यात फार फरक आहे.

आता या पद्धतीचा कच्चा दुवा. खोट्या पैशानं माणूस काहीही विकत घेतो. किंमत दुप्पट केली तरी कोणी कुरकुरत नाही, आणि मुलांना वाटतं आपला माल भारी आहे. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे प्रत्येक मुलाचा घरखर्च. कंपनी पगार देते, तो बँकेत जमा होतो. त्यातून दर महिन्याला भाडं, वीज, विमा, कर सक्तीनं कापले जातात. उरलेल्या थोड्या रकमेत चारही कंपन्यांचा माल घ्यायचा. महिनाअखेर शिल्लक उणे गेली तर बँक पुढची खरेदी थांबवते. एवढं केलं की मुलं घासाघीस करायला लागतात, दोन ठिकाणी भाव विचारतात, "आता नको, पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात. विकणाऱ्याला ते पहिलं "बघू" ऐकायला मिळतं तेव्हा तो खऱ्या अर्थानं विचार करू लागतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र रोकड या विषयाला द्या. आभासी कंपनीतून मुलं बाकी काही नाही शिकली आणि नफा वेगळा, हातातली रोकड वेगळी एवढंच शिकली, तरी सत्र सार्थकी लागलं असं मी म्हणेन. पुस्तकात हे अर्ध्या पानात येतं आणि अर्ध्या दिवसात विसरलं जातं. वर्गात ते असं घडवता येतं. वर्गाच्या चलनाला नाणी म्हणू. कंपनीकडे भांडवल १,००,००० नाणी, एवढीच रोकड. मुलं उत्साहात १०० नाण्यांना एक याप्रमाणे ७०० नग रोखीनं घेतात: ७०,००० गेले. पगार आणि भाडं २५,०००. विक्रीवाले चांगले निघतात, ५०० नग १६० नाण्यांना विकतात, म्हणजे ८०,००० ची विक्री. पण गिऱ्हाईक मिळावं म्हणून सगळ्यांना ४५ दिवसांची उधारी दिलेली असते. महिनाअखेर हिशेब: विक्री ८०,०००, विकलेल्या मालाची किंमत ५०,०००, खर्च २५,०००, नफा ५,०००. आनंदीआनंद. आणि बँकेत? ५,०००. पुढच्या महिन्याचे पगार आणि भाडं पुन्हा २५,०००, आणि ते द्यायची तारीख उधारी वसूल होण्याच्या आधीची.

ताळेबंद, म्हणजे एका बाजूला कंपनीकडे काय आहे आणि दुसऱ्या बाजूला ते कुठून आलं याचा तक्ता, फळ्यावर मांडायला लावा: रोकड ५,०००, साठा २०,०००, येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) ८०,०००, एकूण १,०५,०००. पलीकडे भांडवल १,००,००० आणि नफा ५,०००. सगळं जुळतंय, कंपनी नफ्यात आहे, आणि पगाराला पैसे नाहीत. या क्षणी वर्गात जी शांतता पसरते आणि मग जो गोंधळ सुरू होतो, त्यात तुम्ही पडू नका. विक्रीवाले म्हणतात कर्ज काढा. हिशेबवाले म्हणतात तुम्हाला उधारी द्यायला कोणी सांगितलं होतं. कोणीतरी पगार पुढे ढकलू म्हणतं आणि बाकीचे त्याच्या अंगावर जातात, कारण त्यांना स्वतःचं भाडं भरायचं असतं. कोणीतरी सुचवतं की लवकर पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला सूट देऊ. तिथे एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा: ३० दिवसांची मुदत असताना १० दिवसांत पैसे देणाऱ्याला २ टक्के सूट दिली, तर ते पैसे तुम्हाला वर्षाला किती टक्क्यांनी पडले? २० दिवस लवकर मिळालेल्या ९८ साठी २ सोडले. वर्षात २० दिवसांचे असे अठराहून थोडे जास्त टप्पे बसतात, म्हणून वर्षाचा दर सुमारे ३७ टक्के येतो. हे गणित ज्या मुलानं स्वतःच्या कंपनीचे पगार अडलेले असताना सोडवलं, त्याला ते पुन्हा शिकवावं लागत नाही.

बँक चालवणाऱ्या मुलांना आधी बाजूला घेऊन सांगून ठेवा की कर्ज मागायला आलेल्याकडे पुढच्या तीन महिन्यांचा रोकड अंदाज मागायचा, आणि तो पटला नाही तर कर्ज नाकारायचं. नाकारायचं हे त्यांनाही जड जातं. तेही शिक्षणच आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत कडक राहा, इथे मी अजिबात सूट देत नाही. खरेदी विभागानं इन्व्हॉइस तीन गोष्टींशी पडताळायचं: आपली ऑर्डर, आलेल्या मालाची नोंद, ठरलेला भाव. एकदा एका मुलीनं पलीकडच्या कंपनीचं इन्व्हॉइस परत पाठवलं, कारण त्यावर ऑर्डर क्रमांक नव्हता. समोरचा मुलगा चिडून आला, "माल मिळाला ना, मग?" ती म्हणाली, "मिळाला, पण कोणत्या ऑर्डरचा ते तुझ्या कागदावर नाही. दुरुस्त करून आण, तोवर पैसे थांबले." तो आठवडाभरानं दुरुस्त करून घेऊन आला आणि तेवढ्यात त्याच्याच कंपनीला भाड्याचा दंड बसला. क्रमांक न लिहिण्याची किंमत त्या वर्गाला त्या दिवशी कळली.

पदांबद्दल एवढंच: मुलाखती घेऊन नेमणुका करा, आणि सत्राच्या मध्यावर सगळ्यांची कामं बदला. नाहीतर दोन अभ्यासू मुलं हिशेब ओढतात आणि बाकीचे पोस्टर रंगवतात. काम सोपवताना प्रत्येकानं पुढच्यासाठी लेखी टिपण द्यायचं: कोणाचे पैसे यायचे आहेत, कोणाला काय कबूल केलंय, कुठे भांडण चालू आहे. मूल्यमापनासाठी माझ्या मते याहून चांगला कागद नाही.

गुण नफ्यावर देऊ नका. कारण साधं आहे. सत्र कधी संपणार हे मुलांना माहीत असतं. शेवटच्या दोन आठवड्यांत ती जाहिरात बंद करतात, साठा मिळेल त्या भावानं फुंकून टाकतात, गिऱ्हाइकांच्या तक्रारींकडे बघत नाहीत, आणि नफा फुगतो. उद्या नसलेली कंपनी अशीच चालवली जाणार, त्यात मुलांचा दोष नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सांगा की ही कंपनी पुढची तुकडी चालवणार आहे: हीच खाती, हेच गिऱ्हाईक, हीच देणी. सराव कंपन्या अशाच वर्षानुवर्षं चालू राहतात. आणि पुढच्या तुकडीचे काही विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात बोलावून विचारा, चारपैकी कोणती कंपनी घ्यायला आवडेल आणि का. त्यांच्या उत्तराला वजन द्या.

एखादी कंपनी बुडाली तर बुडू द्या. तिच्याकडून येणं असलेल्यांची यादी करा, उरलेला साठा विकून प्रमाणात वाटा, आणि तिथल्या मुलांना बाकीच्या कंपन्यांत नोकरीसाठी अर्ज करू द्या. बुडण्याचे गुण कापू नका. का बुडाली ते नीट मांडता आलं तर द्या.

हे सगळं करून मुलं उद्योजक होतील का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. इथे जपून बोलावं लागेल. नेदरलँड्समधल्या एका महाविद्यालयातल्या विद्यार्थी-कंपनी कार्यक्रमाचा ऊस्टरबेक, व्हान प्राग आणि आयसेलस्टाइन यांनी केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. मुलांनी स्वतःच नोंदवलेल्या उद्योजकीय कौशल्यांत लक्षणीय वाढ दिसली नाही, आणि उद्योजक व्हायची इच्छा चक्क कमी झाली. हा निकाल दाखवून बरेच जण असे उपक्रम निकालात काढतात. मला तो तसा वाटत नाही. धंदा म्हणजे नेमकं काय हे जवळून बघून मुलांचा भाबडा उत्साह ओसरला असेल, ही शक्यता संशोधकांनीही मांडली आहे. सतराव्या वर्षी "हे माझं काम नाही" हे कळणं, घरचे पैसे घालून तिसाव्या वर्षी कळण्यापेक्षा कितीतरी बरं. दुसरा अभ्यास, तोही डच, २०१४चा, प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या मुलांवरचा. काही दिवसांच्या उपक्रमानं त्यांच्या धंद्याच्या माहितीत फरक पडला नाही, पण जोखीम घेण्याची तयारी, चिकाटी अशा बाबतींत सुधारणा दिसली. म्हणून पालकांना आणि मुख्याध्यापकांना आश्वासन देताना "उद्योजक घडवू" म्हणू नका. "व्यवहार समजेल, पैशाची भाषा समजेल, अनोळखी माणसाशी बोलता येईल" एवढं म्हणा. ते पाळता येतं.

शेवटच्या गोष्टीसाठी वर्गाबाहेर एक पाऊल टाकावंच लागतं. कंपनीचा माल ठरवण्याआधी प्रत्येक गटानं चार-पाच अनोळखी मोठ्या माणसांशी बोलायचं, आणि अट अशी की आपली कल्पना सांगायची नाही. फक्त विचारायचं: हे काम तुम्ही सध्या कसं करता, कुठे अडतं, त्यासाठी आत्ता किती खर्च करता. कल्पना सांगितली की लोक कौतुक करतात आणि मुलं कौतुकाला मागणी समजतात.

राहिलं सॉफ्टवेअर. एक सामायिक स्प्रेडशीट पुरते: बँकेचं एक पान, प्रत्येक कंपनीची किर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद) आणि खतावणी (खातेनिहाय नोंद), इन्व्हॉइसचा एक नमुना. तयार सॉफ्टवेअर ताळेबंद आपोआप काढून देतं, आणि नेमकं तेच मुलांनी हातानं काढायला हवं आहे. पुढच्या वर्षी वाटलं तर घ्या. मुलं वेबसाइट किंवा जाहिरात इंटरनेटवर टाकणार असतील तर प्रत्येक पानावर ठळक लिहा की ही शैक्षणिक आभासी कंपनी आहे, इथे माल विकला जात नाही. बाहेरचा माणूस खरंच ऑर्डर देऊ शकतो. आणि दोन सुट्या तासिका जोडून एक सलग करून घ्या. पस्तीस-चाळीस मिनिटांत बैठक सुरू होते तोच घंटा वाजते. वेळापत्रक लागण्याआधी हे मागून ठेवा, नंतर कोणी बदलून देत नाही.