मागच्या ॲक्सलचा आवाज आणि पुराचे पाणी

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची 1984 ची पेट्रोल ॲम्बॅसिडर आहे. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात ही गाडी पाच दिवस पाण्यात उभी होती. पूर ओसरल्यावर इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे ऑईल लगेच बदलून घेतले, पण डिफरन्शियलचे (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरपेटीचे) राहून गेले. ते दिवाळीनंतर बदलले. गेल्या वर्षापासून ताशी 45 ते 55 किलोमीटर वेगाला मागून घूंऽ असा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की तो वाढतो. एक मेस्त्री क्राउन-पिनियनचा (डिफरन्शियलमधल्या मोठ्या आणि लहान दातेरी चाकांच्या जोडीचा) पूर्ण सेट बदलायला सांगतात, दुसरे 140 नंबरचे जाड ऑईल भरा म्हणतात. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, सांगली

उत्तर : तूर्त दोघांचेही ऐकू नये. जाड ऑईलने आवाज काही दिवस दबेल, पण झिजणारा भाग आत झिजतच राहील. आणि आपण लिहिलेल्या लक्षणांवरून तरी क्राउन-पिनियनचे दात खराब झाले असावेत असे मला वाटत नाही. माझा संशय पिनियनच्या बेअरिंगांवर, त्यातही पुढच्या बेअरिंगवर आहे.

त्याचे कारण असे. ॲक्सिलरेटर दाबलेला असताना पिनियन क्राउनला फिरवतो आणि त्याचा रेटा मुख्यतः आतल्या, म्हणजे दातांजवळच्या बेअरिंगवर येतो. पाय काढला की चाके उलट पिनियनला फिरवू लागतात, पिनियन क्राउनकडे ओढला जातो आणि तो भार पुढच्या बेअरिंगवर जातो. म्हणून पाय काढल्यावर वाढणारा आवाज बहुधा पुढच्या बेअरिंगची झीज किंवा पिनियनच्या नटाची ढिलाई दाखवतो. दातांची जुळणी बिघडलेली असेल तर गाडी ओढत असताना, विशिष्ट वेगाच्या पट्ट्यात, शिट्टीसारखा सूर लागतो. आवाज फक्त वळणावर येत असता तर डिफरन्शियलमधले स्टार गिअर किंवा चाकाचे बेअरिंग तपासायला सांगितले असते, आणि थांबलेली गाडी पुढे घेताना ‘खट्’ असा ठोका बसत असता तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतच्या दांड्याचा) क्रॉस आधी हलवून पाहायला सांगितला असता.

तरीही हौसिंग (ॲक्सलची पेटी) उघडण्यापूर्वी टायर निर्दोष असल्याची खात्री करून घ्यावी, कारण झिजलेल्या टायरचा आवाज भल्याभल्यांना फसवतो. सांगलीहून मिरजेकडे जाताना डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यांवर एकाच वेगाने गाडी चालवून पाहा. रस्ता बदलताच आवाजही बदलला तर तो टायरचा आहे. त्यानंतर मोकळ्या सरळ रस्त्यावर 50 च्या वेगाला गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, इंजिन मात्र बंद करू नका. तरीही घूं कायम राहिला तर इंजिन आणि गिअरबॉक्स बाजूला पडतात. गॅरेजमध्ये दोन्ही मागची चाके उचलून, ॲक्सलखाली भक्कम घोडे (स्टँड) लावून गाडी गिअरमध्ये फिरवता येते आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाशी धरून पिनियनच्या नाकाशी (हौसिंगच्या पुढच्या टोकाशी) व दोन्ही हबांशी ऐकता येते. एकच चाक उचलून हे कधीही करू नये. जमिनीवरच्या चाकाला जोर मिळाला तर गाडी घोड्यावरून उडी मारते.

आता पुराविषयी, कारण माझ्या मते रोगाचे मूळ तिथेच आहे. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती आणि गावभागात काय झाले हे आपण पाहिलेच आहे. ॲक्सलवरच्या ब्रीदरमधून (हवेच्या छिद्रातून) आणि सीलच्या ओठांतून पाणी आत शिरते, ऑईलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते, आणि हायपॉइड रचनेत पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली असल्याने त्याची बेअरिंगे सर्वांत आधी त्या पाण्यात येतात. गाडी उभीच राहिली की रोलर जिथे टेकलेले असतात तिथे कपवर (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर) गंजाच्या बारीक आडव्या रेघा उमटतात, रोलरांच्या अंतराइतक्याच अंतरावर. पुसल्या तरी त्या जात नाहीत आणि नख फिरवले की खरखर लागते. अशी बेअरिंग काही वर्षे चालते आणि मग बोलू लागते. ऑईल बदलायला दिवाळी उलटली, तेवढ्या महिन्यांत हे घडून गेले असणार.

ड्रेन प्लग काढाल तेव्हा ऑईल पांढऱ्या कापडावर घ्या. बोटाला लागणारा करडा गुळगुळीत लेप चालतो. चकाकणारे तुकडे किंवा टोकदार कण दिसले तर बेअरिंगचा किंवा दाताचा पापुद्रा सुटला आहे. ऑईल ताकासारखे पांढुरके दिसले तर पाणी अजूनही आत येत आहे.

दुरुस्तीत घाई करणाऱ्याला हे काम देऊ नये. उघडण्यापूर्वी दातांचा प्ले (दोन दातांमधली मोकळीक) डायल गेजवर मोजून लिहून ठेवावा. बेअरिंग कॅपवर डावी-उजवीची खूण करावी, कारण त्या जागीच बोअर केलेल्या असतात आणि अदलाबदल झाली की बसत नाहीत. दात शाबूत असतील तर जुना क्राउन-पिनियन तसाच ठेवून पिनियनची दोन्ही, आणि शक्य असल्यास क्राउनकडचीही, बेअरिंगे नवी घालावीत. पिनियनची खोली ठरवणाऱ्या शिम (पातळ चकत्या) मापून पुन्हा त्याच जाडीच्या लावाव्यात आणि दातांवर रंग लावून ठसा पाहावा. तो दाताच्या मध्यावर, कडांना न भिडता उमटला पाहिजे. प्ले साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटरच्या दरम्यान असतो, परंतु आपल्या ॲक्सलचे नेमके माप मॅन्युअलमध्येच पाहावे. पिनियनचा नट ‘अंदाजाने टाईट’ करणाऱ्यांपासून सावध राहा. फ्लँजभोवती दोरी गुंडाळून स्प्रिंग-काट्याने ओढून प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) मोजावाच लागतो.

दात खरोखरच उखडले असतील तर मात्र क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलावे. ते एकत्र घासून जुळवलेले असतात. उत्तरपाडा येथील उत्पादन 2014 मध्ये थांबल्याने चांगला सेट शोधावा लागेल, म्हणूनच शाबूत सेट टाकून देण्याची घाई मला पटत नाही.

ऑईल हायपॉइड गिअरसाठीचे ईपी 90, जीएल-5 दर्जाचे घ्यावे आणि गाडी सपाटीवर असताना फिलरच्या खालच्या काठापर्यंतच भरावे. उरलेले गिअरबॉक्समध्ये ओतू नये; त्यातील रसायने पितळी रिंगांना त्रासदायक ठरू शकतात. ब्रीदर साफ करून, नवे सील घालून काम संपल्यावर मिरजेपर्यंत जाऊन या आणि पिनियनच्या नाकावर तळहात ठेवा. ऊब लागणे स्वाभाविक आहे. परंतु हात क्षणभरही ठेववत नसेल तर प्रीलोड जास्त झाला आहे आणि गाडी त्याच दिवशी मेस्त्रींकडे परत न्यावी.