ब्रॉडस्की : निर्वासित, परागंदा की हद्दपार?

तुमचा प्रश्न : रशियन कवी जोसेफ ब्रॉडस्कीची मैत्रीण एलेंडिया प्रोफर यांनी त्याच्या आठवणी लिहिल्या आहेत, त्यावर टिपण लिहिताना त्याला 'निर्वासित कवी' म्हणावं का?

मी नाही म्हणणार. घडणीने 'निर्वासित' म्हणजे घालवून दिलेलाच, पण फाळणीनंतर तो शब्द छावण्यांत आणि लोंढ्यांत कायमचा जाऊन बसला. 'तडीपार'ही नको. त्यातली तड म्हणजे काठ, काम तडीस नेतो तीच. पण आता तो शब्द पोलीस ठाण्यातला झालाय. कवीला लावला तर गल्लीतला दादा डोळ्यांपुढे येतो.

खरी गोम अशी, की ब्रॉडस्कीच्या बाबतीत गोष्टी दोन घडल्या आणि रशियनमध्ये त्यांना शब्दही दोन आहेत. 1964 साली लेनिनग्राडच्या कोर्टाने त्याला पाच वर्षांसाठी अर्खांगेल्स्क प्रांतातल्या नोरेन्स्काया खेड्यात सक्तीच्या मजुरीला धाडलं. दीडेक वर्षात तो सुटला. ही 'स्सिल्का'. देशातच, पण दूर नेऊन बसवणं. सावरकरांच्या रत्नागिरीमुळे आपल्या कानाला ओळखीचा असलेला 'स्थानबद्धता' हा शब्द इथे बराचसा बसतो, मजुरी तेवढी वेगळी सांगावी लागेल.

4 जून 1972ला त्याला व्हिएन्नाच्या विमानात बसवलं, ते 'इझ्ग्नानिये', म्हणजे देशाबाहेर घालवणं. विमानतळावर घ्यायला एलेंडिया यांचे यजमान कार्ल प्रोफर हजर होते. कागदोपत्री मात्र हा गृहस्थ स्वतः अर्ज करून इस्रायलला निघालेला! म्हणून 'परागंदा' म्हणायचा मोह होतो. (मूळ फारसी, अर्थ विखुरलेला.) पण परागंदा होणारा आपल्या पायांनी पळतो, याला जायचंच नव्हतं. आईवडील मागे राहिले, त्यांची पुन्हा भेट नाही. तेव्हा हुकूम कागदावर नसला तरी 'हद्दपार'च लिहा.

जाता जाता, न विचारलेलं एक. 1964चा आरोप होता 'तुनेयाद्स्त्वो'. इंग्रजीवरून येताना त्याचं 'बांडगूळ' होतं. पण मूळ शब्दात 'तुने' म्हणजे फुकट आणि 'याद' हा खाण्याचा धातू : म्हणजे आपला ऐतखाऊ, अगदी जोडाला जोड! न्यायाधीशबाईंनी विचारलं होतं, तुम्हाला कवींमध्ये कोणी जमा केलं? तो म्हणाला, कोणीच नाही. आणि माणसांमध्ये तरी कोणी केलं? असल्या सवालजबाबात 'बांडगूळ' फार पुस्तकी वाटतं. बाईंच्या तोंडी 'ऐतखाऊ'च घाला.