मित्राने घरी बनवलेली नाताळची एल कशी चाखावी आणि त्याला काय सांगावं?

मित्राने नाताळसाठी घरी मसाल्याची एल (बिअरचा एक प्रकार) बनवली, दोन बाटल्या तुम्हाला दिल्या आणि "खरं खरं सांग" म्हणाला. बिअरमधलं फारसं कळत नाही, मग मत काय द्यायचं, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, निकाल देऊच नका, जे जाणवलं ते सांगा. "मस्त झालीय" ऐकून त्याला बरं वाटेल, पण हाती काही लागणार नाही. "वासात दालचिनी भरपूर होती, घोटात मात्र सापडली नाही" असं सांगितलंत, तर पुढच्या वेळी मसाला कधी आणि किती घालायचा हे त्याला ठरवता येईल.

आधी एकच बाटली उघडा. ती आदल्या दिवसापासून उभी ठेवा आणि उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजबाहेर काढा. ही एल साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसला खुलते. गारढोण असली की वास दबतो आणि नुसता कडवटपणा उरतो. तळाशी पांढुरका थर दिसला तर घाबरू नका, ते यीस्ट आहे. बाटली बंद करताना घातलेली थोडी साखर खाऊन तेच यीस्ट आत वायू तयार करतं, फेस त्याचाच. ग्लास तिरपा धरून सावकाश ओता आणि शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्या.

पिण्याआधी वास घ्या, ओतल्या ओतल्या. फेस बसायच्या आत जे नाकाला कळतं ते नंतर तितकं कळत नाही. मग छोटा घोट घ्या, तोंडभर फिरवा, गिळल्यावर थोडं थांबा. आधी माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा यावा, जळलेल्या साखरेची झाक यावी आणि जायफळ, आलं, संत्र्याची साल हे सगळं त्यामागून यावं. मसाला पुढे आणि बिअर मागे असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. लवंगेचं मात्र जपून बोला. जीभ किंचित बधिर झाली तर लवंग खरंच जास्त पडलीय. नुसता वास येत असेल तर आधी यीस्ट कुठलं वापरलं ते विचारा, कारण काही बेल्जियन आणि गव्हाच्या बिअरची यीस्ट स्वतःच लवंगेसारखा वास तयार करतात. लवंग घातलीच नसेल तर तक्रार कशाची करणार? घोटानंतर तोंड कोरडं, तुरट पडलं तर दालचिनी फार वेळ राहिली असेल, किंवा सालीबरोबर आतला पांढरा भाग गेला असेल.

हिरव्या सफरचंदाचा वास येत असेल तर बहुतेक वेळा एल अजून कोवळी असते, थोडं थांबून सुधारते. लोण्यासारखा वास म्हणजे यीस्टला काम पुरं करायला वेळ मिळालेला नाही. ओल्या पुठ्ठ्याची चव आली तर हवा लागलीय, त्यावर उपाय नाही. हे सांगताना शब्द सौम्य ठेवा, पण गाळू नका. त्याने आठवडेच्या आठवडे वाट पाहिलेली असते, तुमच्या खऱ्या शब्दांवर त्याचा हक्क आहे.

"नाताळच्या एलची खरी चव" कुठे शोधत बसू नका, अशी एकच चव नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ साली पहिली ख्रिसमस एल काढली आणि पुढे दरवर्षी पाककृती बदलली. तुमच्या मित्राची त्याच्या मनातली एल आहे. ती कशी व्हावी असं त्याला वाटत होतं, हे चाखून झाल्यावर विचारा. चाखण्याआधी विचारलंत तर तो सांगेल तेच तुम्हाला लागेल.

दुसऱ्या बाटलीचं त्यातल्या अल्कोहोलवर ठरवा. सात-आठ टक्क्यांच्या पुढे असेल तर अंधाऱ्या, गार जागी उभी ठेवून पुढच्या नाताळला दोघं मिळून उघडा. तोवर हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा आणि मसाला दोन्ही मवाळ झालेले असतील. पाचेक टक्क्यांचीच असेल तर ठेवू नका, याच महिन्यात संपवा.